आत अकरा, बाहेर सहा

घड्याळबाई हे तिचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. ओपीडीतल्या सिस्टरनं पहिल्याच आठवड्यात ते तिला चिकटवलं आणि तिनंही ते झटकून टाकलं नाही. गळ्यात काळ्या दोरीला लटकणारं स्टॉपवॉच, हातात पॅड, आणि पेन हरवू नये म्हणून पॅडलाच सुतळीनं बांधलेलं. अशा बाईला दुसरं काय म्हणणार?

तिचं काम सांगायला सोपं होतं. एका डॉक्टरला एक रोगी बघायला किती वेळ लागतो ते मोजायचं, आणि त्यावरून एका सकाळी एका खोलीत किती रोगी बघून होतील तो आकडा काढायचा. आजवर तिनं नऊ इस्पितळं मोजली होती. रोग वेगळे, भिंतींचे रंग वेगळे, पण आकडा सगळीकडे उन्नीस-बीस सारखाच यायचा. साडेतीन मिनिटं, फार तर चार. त्यातलं एक मिनिट रोग्याला खुर्चीत बसायला आणि खुर्चीतून उठायला जातं, हे ती प्रत्येक अहवालात तळटीप म्हणून लिहायची आणि प्रत्येक अधीक्षक ती तळटीप काढून टाकायचा.

हे दहावं इस्पितळ. जुनी दुमजली इमारत, तळमजल्यावर एक लांबलचक बोळ. बोळाच्या एका अंगाला चार खोल्या, दुसऱ्या अंगाला भिंतीलगत लाकडी बाकं. टोकाच्या खिडकीला अर्ध्या उंचीपर्यंत पांढरा रंग फासलेला, त्यामुळे आत येणारा उजेड पातळ ताकासारखा. फिनेलचा वास, ओल्या छत्र्यांचा वास, आणि या सगळ्यांवर टांगलेलं एक गोल भिंतघड्याळ. ओपीडी सकाळी नऊ ते दुपारी एक. चार तास.

एक नंबरातले डॉक्टर रोगी दारातून आत येईपर्यंत औषध लिहून मोकळे व्हायचे. दोन नंबरात एक तरुण डॉक्टरीणबाई होती, तिची अवस्था पुरात उभ्या राहिलेल्या माणसासारखी, पाणी रोज गळ्यापर्यंत. तीन नंबरात रोग्यापेक्षा फोन जास्त बोलायचा. तिन्ही खोल्यांची सरासरी तीन मिनिटं चाळीस सेकंद. बाहेर बोळात कुरकुर, मुलांची रडारड, आणि नंबर पुढेमागे झाला म्हणून सिस्टरशी रोजचं एक भांडण. सगळं कसं ओळखीचं.

चौथ्या खोलीत ती गुरुवारी गेली.

तिथले डॉक्टर निवृत्तीला आलेले, अंगानं काडी, कानांच्या पाळ्या लांब. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. पहिला रोगी मालट्रक चालवणारा होता, पायाला मुंग्या येतात म्हणून आलेला. डॉक्टरांनी पेन उचललं नाही. दोन्ही हात टेबलावर ठेवून ते नुसते ऐकत राहिले. ट्रकवाला पायांबद्दल बोलला, मग झोपेबद्दल, आणि मग न विचारताच आपल्या भावाबद्दल बोलायला लागला. डॉक्टरांनी त्याला कुठेच तोडलं नाही. त्याचं बोलणं आपोआप आटलं तेव्हा त्यांनी त्याचे पाय तपासले. तो गेल्यावर तिनं स्टॉपवॉच थांबवलं. अकरा मिनिटं.

दुसऱ्याला अकरा. तिसऱ्याला बारा. आज बाहेर दंगल होणार, असं तिच्या मनात येऊन गेलं.

एकला पाच मिनिटं कमी असताना सिस्टरनं दारातून डोकं आत घातलं आणि सगळे झाल्याचं सांगितलं. अडतीस रोगी.

दुपारी कचेरीत तिनं बेरीज केली. चारशे अठरा मिनिटं. जवळपास सात तास. चार तासांच्या ओपीडीत. तिनं बेरीज पुन्हा केली, मग खालून वर केली. चूक आपली असणार, याबद्दल तिला शंका नव्हती. बावीस वर्षांच्या नोकरीत घड्याळ चुकलेलं तिनं क्वचित पाहिलं होतं, मोजणारा चुकलेला रोज.

दुसऱ्या दिवशी तिनं दुसरं स्टॉपवॉच आणलं, मनगटावर एक घड्याळ बांधलं, आणि आत न बसता बोळात, दारासमोर स्टूल टाकलं. माणूस आत गेला, दार लागलं, दार उघडलं. सहा मिनिटं. पुढचा, सहा. मग ती आत जाऊन बसली. अकरा. शनिवार, सोमवार, मंगळवार, तिनं सगळे प्रकार करून पाहिले. आत अकरा, बाहेर सहा. घड्याळं बदलली तरी आकडे ढिम्म हलले नाहीत.

बोळातली दुसरी गोष्ट तिच्या लक्षात यायला आणखी दोन दिवस गेले, कारण ती गोष्ट म्हणजे एक नसणं होतं. चार नंबरासमोरच्या बाकांवर कुरकुर नव्हती. कोणी पाय हलवत नव्हतं, कोणी घड्याळाकडे बघत नव्हतं. तिनं एका म्हाताऱ्याला किती वेळ झाला म्हणून विचारलं. “आत्ताच तर टेकलो,” तो म्हणाला. त्याच्या चिठ्ठीवर आठ पन्नासचा शिक्का होता आणि भिंतीवर बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याच्या मांडीवर चहाचा कागदी कप होता. चहावाला दहाच्या सुमाराला एकदाच फिरतो, हे तिला माहीत होतं. कपातून वाफ निघत होती.

घरी तिची थोरली बहीण होती. दोघी एकाच छपराखाली राहायच्या. ताईनं लग्नच केलं नव्हतं आणि हिचं पाच वर्षांपूर्वी संपलं होतं. ताईची कंबर धरलेली होती आणि तीन डॉक्टर करून झाले होते. चार नंबरच्या डॉक्टरांबद्दल ऐकलं तशी ती हटूनच बसली. इतकं बोलू देणारा माणूस या वयात भेटला तर आपण लग्नाचाही विचार करू, म्हणाली.

ताई बुधवारी आली, विणकामाची पिशवी घेऊन. रांगेत बसलं की तिचे हात चालू होतात. मागच्या डॉक्टरांच्या दारात तिनं एक अख्खी बाही विणून काढली होती. या वेळी राखाडी स्वेटरची पाठ चालू होती. ती साडेनऊला बसली आणि बाराला आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुऊन काढल्यासारखा दिसत होता. आईच्या आजारपणातलं सगळं बोलून आले, म्हणाली, जे तुझ्याशीही कधी बोलले नव्हते. संध्याकाळी घड्याळबाईनं सहज पिशवीत पाहिलं. सकाळी जिथे होती तिथेच ओळ थांबलेली होती. अडीच तासांत एक टाकाही पुढे गेलेला नव्हता.

मग तिनं डॉक्टरांनाच गाठलं. ओपीडी संपली होती आणि ते बेसिनवर हात धूत होते. तिनं पॅड पुढे धरलं. त्यांनी चष्मा न लावताच आकड्यांवरून नजर फिरवली, जणू त्यांना ते तोंडपाठ होते.

“हे अहवालात घालू नका, बाई,” ते म्हणाले.

“का?”

“माणूस बोलत असला की मी त्याला थांबवत नाही. एवढंच मी करतो. पुढचं कसं होतं ते मला ठाऊक नाही. पण अडतीसच्या वर मी कधी गेलेलो नाही. तुम्ही एकदा लिहिलंत की ते जास्त मागतील.”

ती घरी गेली आणि दोन दिवस अहवालाला हात लावू शकली नाही. तिच्या नवऱ्याला पाच वर्षांपूर्वी एका ओपीडीत दीड मिनिट मिळालं होतं. त्याला छातीत काय होतंय ते नीट सांगता आलं नाही, बोलताना थोडं अडखळायची त्याची सवय होती. पोटाच्या गोळ्या घेऊन तो बाहेर आला आणि दुपारची जेवणं व्हायच्या आत संपला. दीड मिनिटाऐवजी त्याला अकरा मिळाली असती तर, हे वाक्य तिनं मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की त्याच्या कडा झिजून गेल्या होत्या. आणि आता एक माणूस प्रत्येकाला अकरा देत होता. ते लिहायचं नाही, म्हणजे मग लिहायचं तरी काय?

तिनं लिहिलं. सगळं नाही, वाफेचं आणि स्वेटरचं लिहिण्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. प्रत्येकी आत अकरा मिनिटं, बाहेर सहा, चार तासांत सात तासांचं काम, समाधान उत्तम, तक्रारी शून्य, खोलीची क्षमता इतर खोल्यांहून स्पष्टपणे जास्त, असं लिहिलं. खाली सही केली.

अधीक्षक एवढे खूश झाले की त्यांनी तिला स्वतः उठून खुर्ची दिली. पुढच्याच महिन्यात तीन नंबरची खोली बंद झाली आणि तिचे काही रोगी चार नंबरला जोडले गेले. दारावर नवीन पाटी लागली : रोज साठ.

पाटी लागून तीन आठवडे झाले आणि ताईची दुसरी तारीख आली. त्या दिवशी घड्याळबाईला दुसरीकडे काम होतं, म्हणून ताई एकटीच गेली. संध्याकाळी ती खुशीत होती, कंबर पुष्कळच हलकी झाली होती. जेवण झाल्यावर दिव्याखाली बसून तिनं पिशवीतून विणकाम काढलं आणि घड्याळबाईच्या हातातलं ताट टेबलावर आदळलं.

स्वेटरची पाठ खांद्यापर्यंत आली होती. परवाच ताईनं ती हिच्या पाठीला लावून बघितली होती. आता सुईवर चार बोटं रुंदीची पट्टी होती. लोकरीचा गुंडा मात्र पपईएवढा गरगरीत झाला होता.

“ताई, उसवलंस?”

“काय उसवायचंय? आत्ता तर टाके घातले.” ताईनं पट्टी उजेडात धरली. “रंग बरा आहे नं? राखाडी घ्यावा की नाही, दुकानात ठरत नव्हतं माझं.”

लोकर आणून तीन महिने झाले होते. घड्याळबाईनं तिला हळूच एकदोन गोष्टी विचारल्या. शेजारीण घर सोडून गेली ते ताईला आठवत नव्हतं. आपण दोघी मध्यंतरी चार दिवस भाच्याकडे राहून आलो तेही नाही. ती विसरली होती म्हणावं तर तिच्या चेहऱ्यावर आठवण्याची धडपडही नव्हती. ते तिच्या बाबतीत अजून झालंच नव्हतं.

त्या आठवड्यात घड्याळबाई बोळात पुन्हा जाऊन उभी राहिली. बाहेर आता प्रत्येकी चार मिनिटं पडत होती. आत जाऊन मोजलं, तर अकराच. साठ जणांचे अकरा तास. चार तास घड्याळातले धरले, तरी वरचे सात कुणाचे? तिनं बाकांकडे पाहिलं. माणसं गुण्यागोविंदानं बसली होती. एकाच्या गालावर सकाळी दाढी केल्याचं कापलेलं होतं. तासाभरानं ते कापलेलं दिसेनासं झालं होतं, आणि गालावर न केलेल्या दाढीचे खुंट होते. एका बाईच्या हाताला प्लॅस्टर होतं. नंबर लागला तेव्हा त्या प्लॅस्टरवरची मुलांनी काढलेली चित्रं नाहीशी होऊन ते कोरं पांढरं झालं होतं.

ती अधीक्षकांकडे गेली. साठ कमी करा, निदान अडतीसवर आणा, असं तिनं सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. ती तोंड उघडून बसली आणि तिला कळलं की बावीस वर्षं आकड्यांत बोलल्यावर आपल्याला दुसरं काही बोलता येत नाही. अधीक्षकांनी शांतपणे तिचाच अहवाल काढून तिची सही तिला दाखवली. मापात चूक असेल तर पुन्हा मोजा, म्हणाले, आणि नवे आकडे आणा.

चार नंबरचे डॉक्टर त्या दिवशी खुर्चीतच बसून होते. साठ माणसांचं ऐकून त्यांचे ओठ सुकले होते.

“तुम्ही त्यांना लवकर उठवा,” ती म्हणाली. “चार मिनिटांत. सगळे तेच करतात.”

“परवा करून पाहिलं. एका मुलीला मध्येच तोडलं.” त्यांनी टेबलावरचं पेन सरळ केलं. “ती काय सांगणार होती ते आता कुणालाच कळणार नाही. मला पुन्हा ते जमणार नाही.”

“पण बाहेरची माणसं.”

“मला बाहेरचं दिसत नाही, बाई. तुम्हाला दिसतं. तुम्ही तिथे तासन् तास बसता आणि तुम्हाला काही होत नाही. मी सिस्टरला विचारलं होतं. ती म्हणाली, घड्याळबाई कुणाचीच वाट बघत नसतात, नुसत्या मोजतात.”

हे तिच्या मनाला लागलं, आणि खरंही वाटलं.

सोमवारी ती फेरमोजणीसाठी साडेआठलाच आली. दारासमोर स्टूल, गळ्यात स्टॉपवॉच, पॅडवर कोरा तक्ता. बाहेर पाऊस नव्हता, पण खिडकीतला उजेड पावसाळी होता. बाकं भरत गेली. लिहिण्यासारखं जे जे दिसेल ते आज शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं, रकान्यात मावलं नाही तर कागदाच्या मागे लिहायचं, असं तिनं ठरवलं होतं.

दहाच्या सुमाराला एक तरुण जोडपं आलं. नवऱ्याच्या हातात पाण्याची बाटली आणि फाइल. बायकोनं निळा सैल झगा घातला होता, पायात सपाट चपला. ती मागे रेलून, पोटाखाली एक हात देऊन चालत होती, जशा त्या दिवसांत बायका चालतात. आठवा नुकता लागला असावा. तिला रक्तदाबाची तक्रार होती म्हणून इकडे पाठवलं होतं. नंबर सत्तेचाळीस.

घड्याळबाईनं पॅड स्टुलावर ठेवलं.

ती उठून सिस्टरकडे गेली. सत्तेचाळीसला आधी घ्या, म्हणाली. सिस्टरनं नकारार्थी मान हलवली. एकाला पुढे काढलं तर बाकीचे काय करतील, हे तिनं रोज भोगलं होतं. मग घड्याळबाई त्या मुलीकडेच गेली आणि तिच्यापुढे वाकली.

“तू घरी जा, पोरी. उद्या ये. किंवा दोन नंबरला दाखव, मी सांगते त्यांना.”

मुलगी संकोचून हसली. “असू दे हो. आत्ताच तर आलोय आम्ही.”

नवऱ्यानं बाईंकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं आणि बायकोच्या पाठीमागे आपली पिशवी उशीसारखी सारली.

ती स्टुलावर परत आली. तक्त्यात लिहिलं : सत्तेचाळीस. दहा वीस. गरोदर, आठवा महिना. लवकर घ्यावे असे सांगितले.

आत बाविसावा होता.

तेविसावा गेला. मुलगी झग्याच्या बाहीशी चाळा करत होती. चोविसावा म्हातारा, त्याला उठायलाच वेळ लागला. लवकर ऊठ, घड्याळबाई मनात म्हणाली. पंचवीस. अजून बावीस जण. तिचे डोळे दारावर लागले होते. पेन तिनं केव्हा खाली ठेवलं ते तिला कळलं नाही. सत्तेचाळीस पुकारा, एवढं एकच तिच्या मनात होतं. सत्तेचाळीस पुकारा.

“बाई, उठताय ना? संपली ओपीडी.”

सिस्टर समोर उभी होती. बाकं रिकामी होती. कोणीतरी फरशीवरून ओलं फडकं फिरवत होतं.

आत्ताच तर बसले, असं घड्याळबाईच्या ओठांवर आलं, आणि तिनं ते गिळलं.

भिंतघड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती. गळ्यातलं स्टॉपवॉच शून्यावर होतं. पॅडवर सत्तेचाळीसची ओळ तिच्या अक्षरात होती. त्याखाली कागद कोरा.

चार नंबरचं दार बंद होतं. औषधाच्या रांगेतून सुटून दोन आकृत्या बाहेरच्या फाटकाकडे चालल्या होत्या. ती धावली, पन्नास वर्षांच्या गुडघ्यांनी जितकं धावता येतं तितकी.

ते दोघं पायरीशी थांबले होते. मुलीचा चेहरा धुऊन काढल्यासारखा स्वच्छ होता. डॉक्टर फार चांगले आहेत, ती नवऱ्याला सांगत होती, सगळं ऐकून घेतात. नवरा फाइल चाळत होता, आपण इथे नेमके कशासाठी आलो होतो ते त्यात शोधत असल्यासारखा. मग त्यानं फाइल बंद केली.

“हा झगा एवढा ढगळ का घेतला मी?” मुलगी म्हणाली आणि कापड चिमटीत धरून हसली.

नवराही हसला. दोघं पायऱ्या उतरले.

घड्याळबाई खांबाला धरून बघत राहिली. मुलगी हलकी, सडसडीत, भराभर चालत होती. पण एक हात तिनं पुढे धरला होता, शरीरापासून वीतभर लांब, तळवा वर, बोटं किंचित वाकवून, खालून काहीतरी सावरून धरावं तसा.

रस्ता ओलांडताना एक मोटार जवळून गेली, तेव्हा तिनं दुसरा हातही पटकन त्याच्यावर आडवा धरला.